किकी किरिन यांचे हात

शेजारच्या आजींकडे एका दुपारी चहाला गेले असताना त्यांच्या दूरचित्रवाणी संचावर 'तेराउचि कान्तारो इक्का' ही १९७४ सालची मालिका लागलेली होती. तोक्योच्या यानाका भागात राहणाऱ्या एका पाथरवट कुटुंबाची ती कथा आहे. त्यातील खट्याळ म्हातारीकडे बोट दाखवून आजी मला म्हणाल्या, "तिचा चेहरा नको बघूस, हातमोजे बघ." ही म्हातारी साकारणाऱ्या जपानी अभिनेत्री किकी किरिन तेव्हा अवघ्या एकतीस वर्षांच्या होत्या, आणि त्यांच्या मुलाचे काम करणारे कोबायाशी आसेइ त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे होते. केस पांढरे करता येतात, पाठ वाकवता येते, परंतु हातांची कातडी वय लपवू देत नाही, हे ओळखून त्यांनी बोटे उघडी राहणारे हातमोजे घातले होते. त्या दिवसापासून मी त्यांचे काम पाहताना आधी हात पाहू लागले.

१९४३ साली तोक्योत जन्मलेल्या किकी यांनी १९६१ मध्ये 'बुन्गाकुझा' या नाट्यसंस्थेत प्रवेश केला. त्या काळी त्यांचे रंगमंचावरील नाव युकि चिहो असे होते. पुढे १९७७ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका लिलावाच्या कार्यक्रमात विकण्याजोगे दुसरे काही नाही म्हणून त्यांनी ते नावच विकून टाकले आणि किकी किरिन हे नवे नाव घेतले. फुजी कलर फिल्मच्या जाहिरातींमुळे तो चेहरा घरोघरी पोहोचला. इतकी प्रसिद्धी मिळूनही उत्तरायुष्यात त्यांनी ना व्यवस्थापक ठेवला ना एजन्सी. कामाची बोलणी त्या स्वतःच करीत, आणि निर्मात्यांना आपला निरोप त्यांच्या घरच्या फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा लागे. २००३ मध्ये डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, २००५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, आणि माझ्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम त्यानंतरचे आहे.

दिग्दर्शक कोरे-एदा हिरोकाझु यांच्याबरोबर त्यांनी सहा चित्रपट केले. त्यांतील २००८ च्या 'आरुइतेमो आरुइतेमो' मध्ये त्या मुळा सोलतात आणि मक्याच्या दाण्यांची भजी तळतात. आपल्याकडच्या कोणत्याही घरातील आईसारख्याच त्या दिसतात. मात्र ज्या मुलाला बुडण्यापासून वाचवताना आपला थोरला मुलगा गेला, त्याला दरवर्षी घरी बोलावून अपराधी वाटायला लावण्याचा आपला हेतू त्या लेस विणता विणता सांगतात. आवाज चढत नाही आणि विणकामही थांबत नाही. एखाद्या प्रेमळ बाईच्या मनात इतका कठोर सूड वर्षानुवर्षे राहू शकतो, हे मला त्या सुईच्या शांत हालचालीमुळे पटले.

कावासे नाओमि यांच्या २०१५ च्या 'आन' विषयी मराठी वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. आन म्हणजे आझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण, जे दोन जाड धिरड्यांमध्ये भरून दोरायाकी करतात. किकी यांनी रंगवलेली तोकुए दुकानात काम मागायला येते, तेव्हा तिची वाकडी झालेली बोटे पाहून दुकानदार कचरतो. पुढे कळते की ती कुष्ठरोगातून बरी झालेली असून लहानपणापासून वसाहतीतच राहिली आहे. ही कथा जिथे घडते, ती १९०९ मध्ये सुरू झालेली झेन्शोएन ही कुष्ठरुग्णांची वसाहत तोक्योच्या हिगाशिमुरायामा भागात आजही आहे. रोग बरा होऊ लागल्यानंतरही रुग्णांना वेगळे ठेवणारा कायदा जपानमध्ये १९९६ पर्यंत टिकून होता. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मला झेन्शोएनमधील चेरीच्या झाडांखाली चालताना फार अस्वस्थ वाटले. एकतीसाव्या वर्षी हात झाकणाऱ्या या अभिनेत्रीने बहात्तराव्या वर्षी तेच हात पडद्यावर सर्वांत पुढे ठेवले आहेत. कढईवर वाकून, वाफेत चेहरा नेऊन, ती त्या बोटांनी दाण्यांशी जणू बोलते.

२०१८ च्या मे महिन्यात कोरे-एदा यांच्या 'मान्बिकि काझोकु' ला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातील आजीसाठी किकी यांनी आपली कवळी काढून ठेवली होती. १५ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले, आणि ज्यात त्या चहाविधीच्या शिक्षिका आहेत तो 'निचिनिचि कोरे कोजित्सु' ऑक्टोबरमध्ये प्रदर्शित झाला. तरुणपणी चहाविधी शिकलेल्या शेजारच्या आजींबरोबर मी तो पाहिला. रेशमी रुमालाची घडी घालण्याचे दृश्य आले तेव्हा आजींची बोटेही मांडीवर तीच घडी घालीत होती.