कचऱ्याचे बिल आणि सॅन डिएगोचा कौल

अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात स्वतंत्र घरात राहणाऱ्या कुटुंबांना कचरा उचलण्याचे वेगळे बिल जवळजवळ शंभर वर्षे आले नाही. अपार्टमेंटमध्ये राहणारे माझ्यासारखे भाडेकरू मात्र खासगी ठेकेदाराचा खर्च घरभाड्यातून भरत आले. शिवाय पालिकेच्या गाड्यांचा खर्च शहराच्या सर्वसाधारण निधीतून होत असल्याने त्यातही आमचा वाटा होताच. स्वतंत्र घरांकडूनही कचऱ्याचे शुल्क घेण्याची मुभा पालिकेला द्यावी का, हे विचारणारा ‘मेझर बी’ हा प्रस्ताव नोव्हेंबर 2022 मध्ये मतपत्रिकेवर आला. त्याकडे मी पाहिले, ते हा दुहेरी भार सोसणाऱ्याच्या नजरेने.

या व्यवस्थेचे मूळ 1919 च्या ‘पीपल्स ऑर्डिनन्स’ या मतदारांनी मंजूर केलेल्या शहराच्या नियमात आहे. त्या काळी ठेकेदार घराघरांतून कचरा उचलण्याचे पैसे घेत आणि तोच ओला कचरा डुकरे पाळणाऱ्यांना विकत, याचा राग येऊन मतदारांनी हे काम पालिकेकडे सोपवले, असे सांगितले जाते. पुढे 1986 मध्ये मतदारांनीच हा नियम बदलून स्वतंत्र घरांकडून शुल्क घेण्यावर बंदी घातली. त्यामुळे नगरपरिषदेला वाटले तरी शुल्क लावता येईना. त्यासाठी पुन्हा मतदारांसमोर जाणे भाग होते.

काहींनी कचऱ्याचे पैसे वेगळे भरावेत आणि काहींनी नाही, हे न्यायाचे नाही, हा प्रस्तावाच्या समर्थकांचा मुद्दा मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. घरमालकांचे म्हणणे असे की, आम्ही मालमत्ता कर भरतो, त्यातच हे आले. परंतु तो कर अपार्टमेंटच्या मालकालाही भरावा लागतो आणि तो भाडेकरूंच्याच खिशातून जातो, याचे उत्तर त्यांच्याकडून मला मिळाले नाही.

घरमालकांची दुसरी शंका मात्र अगदी रास्त होती. मतदारांनी होकार दिला म्हणजे शुल्क लागू झाले असे नव्हते. शुल्क घेण्याची मुभा तेवढी मिळणार होती, आणि आकडा नंतर, खर्चाचा अभ्यास झाल्यावर ठरणार होता. त्या वेळी दरमहा 23 ते 29 डॉलरचा अंदाज लोकांसमोर होता. प्रस्ताव निसटत्या बहुमताने मंजूर झाला आणि जून 2025 मध्ये नगरपरिषदेने 6 विरुद्ध 3 मतांनी जो दर मान्य केला, तो तिन्ही मोठे डबे घेणाऱ्या घरासाठी दरमहा 43.60 डॉलर होता. ग्राहकांची संख्या अंदाजापेक्षा कमी निघाली, सेवा वाढवण्याचे ठरले, नवे डबे घ्यावे लागले, ही कारणे पालिकेने दिली आणि ती खोटी नाहीत. तरीही अंदाजाच्या वरच्या टोकाच्या जवळपास दीडपट दर पाहून फसल्याची भावना झालेल्या शेजाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे असे शुल्क लावण्याआधी मालमत्ताधारकांना लेखी हरकती नोंदवता येतात आणि निम्म्याहून अधिकांनी हरकत घेतली तर शुल्क रद्द होते. हरकती हजारोंनी आल्या, पण त्या मर्यादेपर्यंत पोहोचल्या नाहीत, आणि शुल्क मालमत्ता कराच्या बिलात जोडले गेले.

पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताई दारात येऊन कचरा नेतात आणि त्याचे पैसे घरोघरचे लोक महिन्याला देतात. घेणारी व्यक्ती समोर असल्याने तिथे रकमेबद्दलची कुरकुर तिला तोंडावर सांगता येते. सॅन डिएगोत ती सोय नाही. इथे साध्या कचऱ्याचा डबा लहान घेतला तर शुल्क कमी होते, ही एकच सवलत घराच्या हातात आहे, आणि कचरा कमी करणाऱ्याला पैशांत फायदा व्हावा, यासाठी तो फरक आणखी वाढवायला हवा होता, असे मला वाटते.