गिअरबॉक्सचे तेल आणि ‘लाइफटाइम’ हा शब्द

माझ्या गाडीचे ९६,००० किलोमीटर झाले तोवर तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल एकदाही बदललेले नव्हते. दर सर्व्हिसिंगला मी विचारत असे आणि ‘ते लाइफटाइम असते, त्याला हात लावायचा नाही’ हेच उत्तर ऐकून परतत असे. पुढे खंबाटकीच्या चढावर दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना हिसका बसू लागला, तेव्हा मात्र मी स्वस्थ बसलो नाही.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत, म्हणजे जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या माध्यमातून जोडलेले असतात तिथे, हे तेल म्हणजे नुसते वंगण नव्हे. इंजिनाची शक्ती पुढे नेणे, क्लचच्या चकत्या दाबून धरणे आणि आतली उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणे ही सगळी कामे तेच करते. उष्णतेने ते हळूहळू खराब होत जाते आणि चकत्यांचा बारीक भुगाही त्यात साचतो. घाट आणि शहरातली कोंडी ही तर त्याची खरी परीक्षा. जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतः असे गिअरबॉक्स बनवते आणि तीच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षे झाली की तेल बदलायला सांगते. ‘लाइफटाइम’वरचा माझा विश्वास तिथेच संपला.

नवे तेल बहुधा लालभडक असते. माझ्या गाडीतून निघाले ते कोऱ्या चहाहूनही काळे होते. मेकॅनिकने पॅन उतरवून त्यातल्या लोहचुंबकावरची राखाडी लुकण माझ्या बोटावर ठेवली. ती काजळासारखी मऊ होती, एकही कण टोचला नाही. ‘दाते शाबूत आहेत, साहेब,’ तो म्हणाला. धातूचे तुकडे हाती लागले असते, तर नुसते तेल बदलून भागले नसते.

तळाचा प्लग काढून एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे तेलच उतरते, कारण बाकीचे कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहते. म्हणून मी हजार किलोमीटरनंतर तेच काम पुन्हा करून घेतले. इतकी वर्षे दुर्लक्षित राहिलेल्या गिअरबॉक्सवर दाबाने फ्लशिंग करणे, म्हणजे जुने तेल यंत्राने ढकलून बाहेर काढणे, मला धोक्याचे वाटते, कारण सुटलेला गाळ व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेल हवे तिकडे वळवणाऱ्या भागाच्या, अरुंद वाटांत अडकू शकतो. तेलाचा ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिला असेल तोच हवा; सीव्हीटीचे (ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचे) तेल वेगळे असते, आणि एएमटीचा (क्लच आणि गिअर यंत्रच बदलते अशा गाडीचा) गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असल्याने त्याची गोष्टच निराळी.

पातळी तपासायला माझ्या गाडीत डिपस्टिक नाही. गाडी लिफ्टवर सपाट धरून इंजिन चालू ठेवले, स्कॅनरवर तेलाचे तापमान मॅन्युअलमधल्या आकड्यावर आले आणि मेकॅनिकने पातळीचा प्लग उघडला. लाल धार सुटली, ती बारीक होत थेंबांवर आली, आणि त्याने नवा वॉशर घालून प्लग आवळला.