गोडा कुडा

रेवदंड्याला माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळ्यात सगळ्यात जास्त खपतात ती जुलाबाची औषधं आणि ओआरएसची पाकिटं. तरी गेल्या श्रावणात चणेऱ्याकडे मामाच्या घरी गेलो असताना मलाच आव लागली, आणि खिशात एक गोळी नव्हती. मामी म्हणाली, "कुड्याची साल आण मागच्या डोंगरावरून, ताकात उगाळून देते."

कुडा मला पाठ होता. कॉलेजात फार्माकोग्नॉसीच्या, म्हणजे वनस्पतींतून मिळणाऱ्या औषधांच्या, पेपराला 'कुर्ची बार्क', म्हणजे कुड्याची साल, हमखास यायची. शास्त्रीय नाव होलॅरिना प्युबेसेन्स, त्यातलं मुख्य औषधी द्रव्य (अल्कलॉइड) कोनेसीन, उपयोग अमीबामुळे होणाऱ्या आवेवर. पेपरात मार्क चांगले पडले होते. तेव्हा पोट धरत वर गेलो, पांढरा चीक आलेलं झाड बघितलं, साल सोलली आणि विजयी मुद्रेने खाली आलो.

अंगणात वाडीवरची कातकरी आजी बसली होती, मामीला शेवळं-करांदे आणून देणारी. (तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही.) तिने साल हातात घेतली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकलीसुद्धा नाही.

"ही गोडी हाय दादा. जनावराला घाल."

मग ती मला परत वर घेऊन गेली. माझ्या झाडाच्या कोवळ्या शेंगा दोन-दोनच्या जोडीत होत्या आणि दोघींची टोकं खाली एकमेकींना चिकटलेली. "बघ, या बहिणी हात सोडत नाय." दहा पावलांवर दुसरं झाड, पानं मोठी, शेंगा जोडीतच पण टोकं मोकळी, दोन्ही आपापल्या दिशेला. तोच कडवा, पांढरा कुडा. माझा होता काळा कुडा, राइटिया. बाजारात याच दोघांचं बी कडू इंद्रजव आणि गोड इंद्रजव म्हणून मिळतं, हेही मला पाठ होतं. शेंगांची टोकं मात्र मी कधी बघितली नव्हती.

तिने बुंध्याला हात लावला नाही. अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांदीची, एकाच बाजूची, बोटभर साल कोयत्याच्या टोकाने उचलली. साल गोल काढली तर झाड मरतं. पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं. मध्यंतरी एक व्यापारी पोत्याच्या भावाने साल मागायला आला होता, तेव्हा पोरांनी बुंधे गोल सोलले. ती सुकलेली झाडं तिने मला दाखवली नाहीत, नुसती हनुवटीने दिशा दाखवली. त्या पोत्यांत किती गोडा कुडा गेला असेल कोण जाणे!

खाली येऊन सहाणेवर साल ताकात उगाळली. माप तिसऱ्या म्हणतात त्या शिंपल्यांचं, मला दोन शिंपली. चव अशी की रात्रीपर्यंत चहासुद्धा कडू लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट थांबलं. औषधानेच थांबलं की आपोआप, हे एका माणसावरून मी सांगू शकत नाही. धंदाच तसा आहे माझा.

मला जास्त पटलं ते तिचं 'नाय'. मामीच्या शेजारणीने तान्ह्या नातवासाठी विचारलं, तर आजी आधी टाळू चाचपून बघायला गेली. "टाळू बसली आसंल तर माझा पाला नाय चालत. साखर-मिठाचं पानी पाजत दवाखाना गाठायचा." दुकानात एवढं मी तरी विचारतो का? लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा सपाट चमचा मीठ, हे मात्र मी त्या बाईला लिहून दिलं. साप चावला तरी आजीचं तेच, थेट दवाखाना. तिचा नवरा साप धरायचा.

कातकरी हे नाव खैराचा कात पाडण्यावरून आलं. आजीच्या घरात आता कात कुणी पाडत नाही. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून साल, बी, कंद अशा रानातल्या वस्तूंवर, हक्क दिला आहे, पण दिवाळी झाली की अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते ती पाऊस तोंडावर आला की परतते. आजीची नात जन्मल्यापासून तशीच जाते-येते. कडू इंद्रजवाच्या शेंगा पिकून फुटतात त्या दिवसांत ती झाडाखाली नसतेच.

निघताना मी विचारलं, "मग भट्टीवर पोट बिघडलं तर?"

"तिथं कुडा कुठला? तुझ्यासारख्याच्या दुकानातून गोळी घेते," आजी म्हणाली. "हिरव्या पाकिटातली. पांढऱ्यातली लागू पडत नाय."