जेल कव्हर काढा आणि पुठ्ठा आणा: लांबच्या राईडसाठी सीट शोधताना

आधी सायकलच्या सीटवरचं ते जेलचं कव्हर काढून टाका, बाकीचं नंतर बोलू.

आषाढी जवळ आली की आमच्या लातूरच्या सायकल ग्रुपात नवीन मंडळी येतात, पंढरपूरला सायकलवर जायचं असतंय, मुरूड-येडशी-बार्शी-कुर्डुवाडी असा रस्ता, आणि सरावाला औशापर्यंत एकदोन चकरा झाल्या की मेसेज सुरू. दादा, दम पुरतोय, गुडघेपण ठीक आहेत, पण बूड लई दुखायलंय, हे कव्हर घेऊ का? सोबत लिंक असतेच, काळं, फुगीर, खालून नाडीनं बांधायचं. उत्तर माझं पाठ झालंय, दरवेळी टाईप करायचा कंटाळा आला म्हणून इथं एकदाच लिहून टाकतो.

सायकलवर आपण मांसावर बसत नाही, हाडावर बसतो. कमरेच्या हाडाच्या खालच्या बाजूला डावीउजवीकडं दोन टोकं असतात, दगडी पायरीवर बसून जरा इकडंतिकडं झुललं की लगेच कळतंय कुठं आहेत ती. वजन घ्यायचं काम त्या दोन टोकांचं. त्यांच्या मधला जो भाग आहे तिथून नस जाते, रक्तवाहिन्या जातात, त्यावर वजन पडायला नको. आता गुबगुबीत जेलवर बसलं की हाडं खाली रुततात, आणि हाडाखालचं दबलेलं जेल कुठंतरी जाणारच ना, ते मधून वर येतं आणि नेमकं नको तिथं दाबतं. पहिले पाच-दहा किलोमीटर एकदम मस्त वाटतंय, त्यातच माणूस फसतो, कारण दुकानासमोर चक्कर मारून तेवढंच कळतंय. औसा येईस्तोवर मुंग्या. गावात भाजी आणायला, पोराला क्लासला सोडायला मऊ सीट चांगलीच आहे, तिला मी नावं ठेवत नाही, पण तीन-चार तास बसायचं असेल तर मऊपणा शोधायचाच नाही, रुंदी शोधायची.

आणि रुंदी घरी मोजता येते. किराणा दुकानातून खोक्याचा पुठ्ठा आणायचा, तो आत लाटा असतात तसला, साधा कडक पुठ्ठा नको. शहाबादी फरशीच्या पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर तो ठेवायचा, पातळ पँट घालून त्यावर बसायचं, पायाखाली एखादी वीट घ्यायची म्हणजे गुडघे जरा वर येतात, थोडं पुढं वाकायचं आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून स्वतःला खाली ओढायचं, अर्धा मिनिट बास. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खड्डे दिसतात, नीट दिसत नसतील तर खडू आडवा धरून वरून फिरवा. एका खड्ड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी लावायची. बहुतेकांचं १० ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान येतंय. त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवले की सीटची रुंदी निघाली. माझं १२ निघालं, म्हणून मी १४३ मिलिमीटरवाली वापरतो. चांगल्या कंपन्या एकच मॉडेल दोन-तीन रुंदीत काढतात, १४३, १५५, १६८ असे आकडे सीटच्या खाली किंवा खोक्यावर छापलेले असतात, आणि आपल्याकडं ते कुणी बघतच नाही, रंग बघतात.

पोट किती सुटलंय याचा ह्या मापाशी काही संबंध नाही बरं का. आमच्यात एकजण एकदम काडीपैलवान आहे, त्याचं माप माझ्यापेक्षा मोठं निघालं. बायकांचं सरासरीनं जरा जास्त असतंय कारण कमरेचं हाडच रुंद असतं, आमच्या ग्रुपमधल्या एक मॅडम आहेत, शाळेत शिकवतात, त्यांना सगळे म्हणायचे की लेडीज सीट घ्या मऊवाली, त्यांनी पुठ्ठ्यावर मोजलं आणि मधून कापलेली, म्हणजे मधोमध लांब खाच असलेली, चांगली कडक, १५५ची घेतली. तेव्हापासून अंबाजोगाईला जाऊन योगेश्वरीचं दर्शन घेऊन त्याच दिवशी परत, तक्रार शून्य.

एक गोष्ट अजून, किती वाकून चालवता त्यावर रुंदी बदलते. ती हाडं पुढच्या बाजूला एकमेकांकडं येत जातात, म्हणजे जेवढं जास्त वाकाल तेवढ्या अरुंद भागावर बसाल. म्हणून रेसवाल्यांच्या सीट चिंचोळ्या असतात आणि आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीला ती रुंद, खाली स्प्रिंगा असलेली सीट असायची. आजोबा ताठ बसायचे, सगळं वजन सीटवरच यायचं, त्यांना तीच बरोबर. तीच सीट काढून रोड बाईकला बसवणारे महाभाग मी पाहिलेत, मांड्या सोलून निघतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या सायकल मिस्त्री मामांकडून शिकायला मिळालं. मी म्हणलं मामा, ही शीट बदलायचीय, चोळायलंय लई. मामांनी शीटकडं बघितलंच नाही, म्हणले चक्कर मारून या जरा. मी गेलो, आलो. मागून बघत होते ते. म्हणले, "शीटला काय झालं नाय, उंच झालीय. पायडल मारताना कंबर डुलायलीय की ओ तुमची." पाना घेतला, जराशी खाली घेतली, पैसेपण घेतले नाहीत. चोळायचं बंद! सीट उंच असली की पाय पुरत नाही, मग प्रत्येक पायडलला माणूस एकदा डावीकडं एकदा उजवीकडं घसरतो, आणि मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा घसरल्यावर कातडं काय राहणार. हे बिचाऱ्या सीटच्या नावावर खपतंय.

उंची बघायची सोपी रीत म्हणजे भिंतीला धरून सायकलवर बसायचं, पायडल एकदम खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची, गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर वाकडी व्हायला नको. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर आणला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो, तेवढा पाहिजेच. गणित आवडणाऱ्यांसाठी अजून एक आहे, ग्रेग लेमाँडच्या नावानं ओळखलं जातं, तोच तो १९८६, १९८९ आणि १९९० ला टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकन. भिंतीला पाठ लावून, मांड्यांच्या मध्ये पुस्तक घट्ट वर धरून जमिनीपासून पुस्तकापर्यंत मोजायचं आणि त्याला ०.८८३ नं गुणायचं, ८० सेंटिमीटर असेल तर ७०.६ आलं, तेवढं अंतर पायडलचे दांडे (क्रँक) ज्या आसावर फिरतात त्याच्या मधोमधपासून सीटच्या वरपर्यंत. सुरुवात करायला चांगलं आहे, त्यापुढं दोन-तीन मिलिमीटर वरखाली आपल्या पायांनी ठरवायचं.

मग तिरकेपणा. गवंड्याची लेव्हल बाटली सीटवर ठेवा, मोबाईलमध्येपण ॲप असतंय. सपाट पाहिजे. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर असलं की मधल्या भागावर दाब आणि मुंग्या, नाक खाली असलं की माणूस सारखा पुढं घसरतो, हातावरचं वजन वाढतं, मनगटं आणि खांदे भरून येतात आणि तो मग हँडलचे ग्रीप बदलत बसतो. आमच्यात एकानं ग्रीप बदलले, हातमोजे बदलले, शेवटी खाली गेलेलं सीटचं नाक एक-दोन डिग्री वर केल्यावर हात दुखायचे थांबले. आणि हँडल फार लांब असलं तरी माणूस सीटच्या नाकावर येऊन बसतो, मग मागची रुंदी १४३ असो नाहीतर १५५, काय उपयोग, बसतोय कुठं तर नाकावर.

दुखणंसुद्धा सगळं एक नसतंय, हे कुणी सांगत नाही. नवीन माणसाला किंवा नवीन सीटवर पहिले एक-दोन आठवडे त्या दोन हाडांच्या जागी ठणकतंय, ते चालतंय, एक दिवस सोडून चालवा, जातंय. चोळल्यासारखं, जळजळ होत असेल तर उंची, रुंदी नाहीतर कपडे, ह्यातलं काहीतरी चुकतंय. पण बधिरपणा, मुंग्या, "खाली काही जाणवंना झालंय" असं झालं तर ते सवय होईल म्हणून सोसायचं नाही, लगेच उभं राहायचं, उतरायचं, आणि सीट बदलायची किंवा सेटिंग बदलायचं. तरीही राहत असेल तर डॉक्टरला दाखवा, लाजू नका. अमेरिकेत नायॉश नावाची सरकारी संस्था आहे, कामगारांच्या आरोग्यावर काम करते, त्यांनी सायकलवर गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने नाक नसलेल्या सीट देऊन बघितल्या, २००८ साली त्याचा अभ्यास छापून आला. आधी फक्त २७ टक्के पोलीस म्हणत होते की आम्हाला बधिरपणा येत नाही, सहा महिन्यांनी ८२ टक्के म्हणायला लागले. नाक नसलेल्या सीटवर वळणात सायकल सांभाळायला जरा वेगळं वाटतंय, त्यामुळं सगळ्यांना मी सांगत नाही, पण आखूड नाकाच्या आणि मधून कापलेल्या सीट आता सगळीकडं मिळतात, मधला मार्ग म्हणून त्या बघाच.

कपड्यांचं थोडक्यात. पॅडवाली सायकलिंग चड्डी घ्यायची आणि आत काहीही घालायचं नाही. हे वाक्य मी ग्रुपवर टाकलं की पाच मिनिटं कुणी काही बोलत नाही आणि मग स्मायली सुरू होतात. पण खरंय, आतल्या सुती चड्डीची शिवण नेमकी हाडाखाली येते, घामानं भिजते, आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, पहाटे पाचला निघालं तरी आठला घामाच्या धारा, मग ती ओली शिवण कातडं कापते. मुरूडला हॉटेलात चहाला थांबल्यावर लोक बघतात हे मान्य, वरून एक सैल बर्म्युडा चढवायचा. घरी आल्याआल्या धुवायची आणि उलटी करून उन्हात टाकायची, ऊन तरी आपल्याकडं फुकट आणि भरपूर आहे. एकच चड्डी न धुता दुसऱ्या दिवशी घालणाऱ्याला पुळ्या येणारच.

चामड्याच्या सीटबद्दल सारखं विचारतात म्हणून. बर्मिंगहॅमची ब्रुक्स, १८६६ पासूनची कंपनी, सुरुवातीला घोड्याचा सामान वगैरे करायचे. कंपनीच सांगते की मालकाचा घोडा मेला, त्यानं कामावर जायला सायकल उसनी घेतली, सीटनं हाल केले आणि म्हणून ते सीटच्या धंद्यात आले. त्यांच्या बी-१७ मध्ये गादी अजिबात नाही, जाड चामडं पुढून-मागून ताणून टांगलेलं असतं आणि हळूहळू ते आपल्या हाडांच्या आकाराचं होतं. नव्या कोल्हापुरीसारखं, आधी चावणार आणि मग पायातून काढावी वाटणार नाही. आमच्यातले एक सर तीच वापरतात, तिच्यावर ६०० ची ब्रेव्हे केली त्यांनी, म्हणजे ६०० किलोमीटर ४० तासांच्या आत, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत नीट बसलेले मी स्वतः पाहिलेत. पण किंमत एवढी की त्यात एक साधी सायकल येईल, वजन जास्त, आणि चामडं भिजू द्यायचं नाही, आपल्याकडं पाऊस येत नाही येत नाही आणि आला की अर्ध्या तासात धुऊन काढतो, त्यामुळं सीटखाली प्लास्टिकची पिशवी खोचून ठेवावी लागते. मला एवढं लाड करणं जमत नाही.

आणि सगळा दोष सीटला देऊ नका, रस्तेपण बघा आपले. बारीक २५ मिलिमीटरचं टायर, त्यात शंभर पीएसआय हवा ठासून भरलेली, आणि रस्ता ठिगळाठिगळाचा, काळ्या मातीत रस्ता दरवर्षी खचतोच, मग प्रत्येक ठिगळ थेट पाठीच्या मणक्यात. फ्रेममध्ये बसत असेल तर ३२ किंवा ३५ चं टायर टाका आणि हवा कमी ठेवा, वजनाप्रमाणं ५०-६० च्या आसपास, अर्धं दुखणं तिथंच कमी होतंय. दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभं राहायचं, रक्त फिरतं. आठवण राहत नाही म्हणता? आपल्याकडं प्रत्येक गावात शिरताना एक आणि निघताना एक गतिरोधक आहे, तेवढ्या प्रत्येकावर उभं राहिलात तरी पुरे.

राहता राहिलं विकत घेणं. लातुरात लांबच्या राईडच्या सीट ट्राय करायला मिळतील असं दुकान मला तरी सापडलं नाही, ऑनलाईन मागवली आणि रेलवर, म्हणजे सीटखालच्या सळ्यांवर, पान्याचे वळ उठले की परत घेत नाहीत. म्हणून आम्ही ग्रुपात एकमेकांच्या सीट उसन्या देतो. आपली सीट काढायच्या आधी सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या नळीवर, टेप लावून उंचीची खूण करायची, दुसऱ्याची बसवायची, किमान दोन तासांची राईड करायची, मग मत द्यायचं. नवी सीट मोठ्या राईडच्या आदल्या आठवड्यात बसवायची नाही, वारीच्या आधी तर नाहीच नाही.

माझ्याकडं एक १५५ ची, मधून कापलेली, काळी, वापरलेली पण धड असलेली सीट पडून आहे, मला रुंद पडते. लातूरमधले असाल आणि पुठ्ठ्यावर १३ च्या आसपास आलं असेल तर मेसेज करा, पंधरा दिवस नेऊन बघा. रविवारी सकाळी सहाला औसा रोडला आम्ही असतोच. सीट बसवायला सहा मिलिमीटरची एलन की लागते, ती तेवढी घेऊन या, माझी कुणीतरी नेलीय.