पार्ट मिळत नाही, मग रेडिओ बांधायचा कसा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सर्किटात लिहिलेला पार्ट कुठेच मिळत नसेल, तर नुसता नंबर शोधत बसू नका. तो पार्ट त्या जागी काय काम करतो, ते आधी बघा.

ट्रान्झिस्टरचं त्यातल्या त्यात सोपं. २एन३९०४च्या जागी बीसी५४७ बहुतेक ठिकाणी चालतो. मात्र सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले, तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर आणि दुसऱ्याचे बरोबर उलटे. एमपीएफ१०२ या जेएफईटी जातीच्या ट्रान्झिस्टरऐवजी जे३१० लावताना वेगळा घोळ होतो. गेट आणि सोर्स हे दोन पाय एकाच व्होल्टेजला असताना पहिला २ ते २० मिलीअँपिअर ओढतो, दुसरा २४ ते ६०. सोर्सचा रेझिस्टर तोच ठेवला तर बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरचा ठरवून दिलेला करंट, बिघडतो, म्हणून करंट मोजत रेझिस्टर वाढवत न्या. पायांचा जे३१० नसेल तर एसएमडीतला, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाग देऊन बसवायचा, एमएमबीएफजे३१० घ्या.

खरी कसोटी एसए६१२ या मिक्सर आयसीची, म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी मिसळून तिसरी काढणाऱ्या चिपची. त्याऐवजी चार १एन४१४८ डायोड एकामागोमाग गोलाकार जोडून रिंग करा. तीन तारा एकत्र पिळून एफटी३७-४३ टोरॉइडवर (अंगठीसारख्या चुंबकीय गाभ्यावर) १० वेढे, असे दोन ट्रान्सफॉर्मर लागतात. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर ५ मिलीव्होल्टच्या आत जुळणारे चार डायोड निवडा. मोजताना ते बोटांत धरू नका. तापमान एक अंश चढलं की साधारण २ मिलीव्होल्ट उतरतात आणि जुळणी फसवी निघते. शिवाय आयसी सिग्नल वाढवत होता, रिंग उलट ६-७ डेसिबल खाते. तेव्हा पुढे एक अँप्लिफायर हवा आणि ऑसिलेटरकडून (मिसळायची फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या सर्किटाकडून) सुमारे ५ मिलीवॉट हवेत. ते न देता रिंग लावली की रिसीव्हर बहिरा होतो आणि बोल बिचाऱ्या डायोडना लागतो.

टोरॉइड बदलला तर वेढे पुन्हा मोजा. १.४ मायक्रोहेन्रीसाठी लाल टी५०-२वर १७, पिवळ्या टी५०-६वर १९. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधला पिवळा-पांढरा टोरॉइड मात्र ट्रान्समीटरच्या फिल्टरात घालू नका. तो बहुधा २६ नंबरच्या मटेरियलचा असतो. ७ मेगाहर्ट्झला पॉवर गिळतो आणि तापतो.

४७० पिकोफॅरडचा कपॅसिटर नसेल तर २२०, २२० आणि २७ पॅरललमध्ये जोडा. ऑसिलेटरमध्ये तिन्ही एनपी०च, म्हणजे तापमानाने किंमत जवळपास न बदलणारे, हवेत. तापमानाने किंमत बदलणारा एक्स७आर लावला तर खोली तापली-निवली की फ्रिक्वेन्सी सरकते.