समसंबंध, उतारा आणि इंग्रजी लेखन: घरी सराव कसा घ्यावा

शिष्यवृत्ती परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात तृतीय भाषा इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५० असे ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाही. या घाईत मुलं ओळखीचा शब्द दिसला की त्यावरच खूण करून मोकळी होतात. ठाणे-नवी मुंबईतले मराठी माध्यमाच्या मुलांचे बरेच पालक त्यावर उपाय म्हणून शब्दार्थांच्या वह्या भरून घेतात. वही जरूर असावी, पण त्याआधी मुलाला दोन गोष्टींमधलं नातं मराठीत नीट सांगता आलं पाहिजे.

समसंबंधाचं, म्हणजे पहिल्या जोडीतलं नातं दुसऱ्या जोडीला लावायच्या प्रश्नाचं, उदाहरण घ्या. ब्लॅकस्मिथ : आयर्न :: कारपेंटर : ? पर्याय आहेत सॉ, वुड, चेअर, नेल. चारही शब्द सुतारकामातलेच, म्हणून मूल गोंधळतं. त्याला पहिल्या जोडीचं वाक्य करायला सांगा: ‘लोहार लोखंडापासून वस्तू घडवतो.’ आता हेच वाक्य, एकही शब्द न बदलता, सुताराला लावा. करवतीपासून वस्तू घडत नाही, लाकडापासून घडते. वाक्य ‘लोहाराचा लोखंडाशी संबंध असतो’ इतकं ढिलं असेल, तर चारही पर्याय बसतात. दोन पर्याय बसले की पर्यायांकडे बघत बसू नये, वाक्य अधिक नेमकं करावं.

आणखी दोन ठिकाणी हमखास चुकतं. एक म्हणजे क्रम: डॉक्टर : हॉस्पिटल असेल तर पुढे टीचर : स्कूल हवं, स्कूल : टीचर नव्हे. दुसरं म्हणजे तीव्रता. वॉर्म : हॉट :: कूल : ? इथे विरुद्धार्थी शब्द पाठ असलेलं मूल ‘वॉर्म’ निवडतं. ‘वॉर्म वाढलं की हॉट’ असं म्हणून घेतलं, तर ‘कोल्ड’ आपोआप सुचतं.

उताऱ्यासाठी जवळचा विषय घ्या, म्हणजे मुलाचं लक्ष भाषेवर राहतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. १४ डबे, आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. यावर सहा साधी इंग्रजी वाक्यं तुम्हीच लिहा. त्यांत ‘द ट्रेन हॅड फोर्टीन कॅरेजेस. थ्री इंजिन्स पुल्ड इट.’ अशी जोडी मुद्दाम ठेवा. इंजिनांनी काय ओढलं, या प्रश्नाला बरीच मुलं ‘इट’ असंच उत्तर लिहितात. म्हणून वाचताना प्रत्येक इट, दे, धिस भोवती पेन्सिलीने गोल करून ज्या नावासाठी तो शब्द आलाय तिथपर्यंत बाण काढायला लावा. ‘का’ विचारलं असेल तर प्रश्नातला शब्द ज्या वाक्यात सापडतो त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाक्यही वाचावं, कारण उत्तर अनेकदा तिथेच असतं. आधी प्रश्न वाचून मग उत्तरं शोधायची पद्धत मला पटत नाही. माहितीच्या प्रश्नांना ती चालते, शीर्षक किंवा आशय विचारला की मूल अडकतं. अडलेल्या शब्दाशी न थांबता उतारा एकदा सलग वाचावा, मग प्रश्नांकडे वळावं. दहावीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, स्वतःचं मत विचारतात, तिथे उताऱ्यातली वाक्यं उतरवून भागत नाही.

लेखनात खरी अडचण येते ती ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांची. मला ताप आहे, मला दोन बहिणी आहेत, मला आंबा आवडतो. मराठीत ‘मला’ येतं, पण इंग्रजीत तिन्ही वाक्यं ‘आय’ने सुरू होतात: आय हॅव ए फीवर, आय हॅव टू सिस्टर्स, आय लाइक मँगोज. ही वाक्यं वेगळी काढून सलग आठवडाभर घोटून घ्या. मग क्रियापदाची जागा: मराठीत ते शेवटी, इंग्रजीत कर्त्याला लागून. ‘मी काल बाजारात गेलो’मधले काल आणि बाजारात हे शब्द तात्पुरते झाकले की ‘आय वेंट’ राहतं, बाकीचं मागे जोडायचं. नकारार्थी वाक्यात ‘डिड नॉट’ आलं की ‘वेंट’चं ‘गो’ होतं. भूतकाळ ‘डिड’ने आधीच दाखवलेला असतो.

रोज पाच वाक्यं पुरेत, एक ओळ सोडून लिहिलेली. तपासताना पहिल्यांदा फक्त क्रियापदं बघा, दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यांतले ए, अ‍ॅन, द, स्पेलिंग सगळ्यात शेवटी. सगळं एकदम लाल केलं की मूल पुढच्या वेळी चूक टाळायला तीनच शब्दांची वाक्यं लिहितं.

पत्राचा साचा मात्र सरळ पाठ करून घ्यावा.