पोटात रक्त आहे, तरी शस्त्रक्रिया का नाही?

‘सोनोग्राफीत पोटात रक्त दिसले म्हणता, मग डॉक्टर, ऑपरेशन का करत नाही?’ महामार्गालगतच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक म्हणून काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो, आणि त्या घाईत उत्तर अर्धेच दिले जाते. तुम्ही विचारलेत म्हणून ते पूर्ण देतो.

मोटारीच्या धडकेत पोटाला मुका मार बसला की बहुधा प्लीहेला (डाव्या बरगड्यांखालचा, जंतूंशी लढायला मदत करणारा अवयव) किंवा यकृताला इजा होते. रक्त दिसले एवढ्यावर पोट उघडायचे नसते; रुग्ण तो रक्तस्राव कितपत सोसतो आहे, हे पाहायचे असते. रक्त देऊनही रक्तदाब सावरत नसेल, तर सीटी स्कॅनमध्ये वेळ न दवडता थेट शस्त्रक्रिया करावी लागते. रुग्ण स्थिर असेल, तर मात्र शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी स्कॅनमध्ये जखम किती खोल आहे आणि रक्त अजून वाहते आहे का, हे कळते. वाहत असल्यास, सोय असेल तिथे, धमनीतून बारीक नळी नेऊन ती वाहिनी आतूनच बंद करता येते. फाटलेली प्लीहा पुष्कळदा आपोआप भरून येते. ती काढून टाकली, तर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका जन्मभर राहतो आणि त्यासाठी लसी घ्याव्या लागतात.

आमचे हे थांबणे निवांत नसते. तरुण माणसाचे तीसेक टक्के रक्त जाईपर्यंत त्याचा रक्तदाब ठीक दिसू शकतो, आणि पहिल्या तपासणीतले हिमोग्लोबिनही फसवे असते. म्हणून मी आधी नाडी मोजतो, मग लघवी किती झाली ते पाहतो आणि ठरावीक वेळाने पोटावर पुन्हा हात ठेवतो.

सर्वांत अधिक धास्ती मला बेंबीखाली उमटलेल्या सीटबेल्टच्या आडव्या, काळ्यानिळ्या वळाची वाटते. (पट्टा लावूच नये, असा अर्थ कृपया काढू नका, तो माणूस जिवंत पोहोचतो तो बहुधा पट्ट्यामुळेच.) त्या वळाखाली आतडे फाटलेले असू शकते आणि पहिल्या सीटी स्कॅनमध्ये ते दिसेलच असे नाही. पोट कडक होणे, ताप येणे, नाडी वाढणे ही लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतात, आणि तेव्हा शस्त्रक्रिया टाळता येत नाही. तोवर रुग्णाला तोंडाने काही द्यायचे नसते. तरीही कुणी मामा किंवा मावशी थर्मासमधला चहा हळूच पाजतातच. काल ‘थांबू’ म्हणणारा डॉक्टर आज संमतीपत्रावर सही मागतो, तो याच बदललेल्या लक्षणांमुळे.